अंगाखालची थंडी

नागपूरच्या माणसाला थंडीपासून कसं जपायचं हे सांगायला गेलं की तो आधी हसतो. मे महिन्यात ४६ अंशांत कूलरमध्ये पाणी भरत ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या लेखी हिवाळा म्हणजे शेतावरचे रोडगे आणि वांग्याची भाजी. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तोही शहरात. उघड्या शेतात, तलावाच्या काठी काय झालं असेल, याचा अंदाज करा.

यंदा बरेच प्रश्न घडीच्या, म्हणजे पॉप-अप कॅम्परबद्दल आले आहेत. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीमागे ओढायची एक चपटी पेटी असते. मुक्कामावर तिचं छत वर उचलायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर सरकवायचे, मग चहूबाजूंनी कापडाच्या भिंती ताणल्या जातात. अर्धी गाडी, अर्धा तंबू. थंडीत मात्र हिशोब तंबूचाच धरायचा.

प्रश्न : आम्ही एका वर्कशॉपमधून असा कॅम्पर बनवून घेतला. पेंचच्या रस्त्यावर मित्राच्या शेतात पहिला मुक्काम केला. अंगावर तीन-तीन ब्लँकेटं असूनही पाठ गारठली, पहाटे चारला सगळे उठून गाडीत जाऊन बसलो. आणखी जाड ब्लँकेटं घ्यावीत का? (बेसा)

ब्लँकेटं पुरेत. तुमची थंडी वरून आली नाही, खालून आली.

बाहेर सरकलेला पलंग म्हणजे हवेत लटकणारी प्लायची फळी. तिच्याखालून रात्रभर वारा वाहतो. घरात पलंगाखाली खोलीतलीच हवा असते, इथे थेट शेतातली. त्यात गादी किंवा रजई अंगाच्या वजनाने दबते. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. दाबून ती हवा काढून टाकली की रजई म्हणजे नुसतं जाड कापड. म्हणून पाठीखाली असं काहीतरी हवं जे दबत नाही.

लहान मुलांच्या खेळायच्या फोमच्या लाद्या असतात ना, एकमेकींत अडकणाऱ्या? त्या फळीवर अंथरा. त्याच्याखाली टिनाच्या शेडला उन्हाळ्यात लावतात ती चंदेरी बुडबुड्यांची शीट टाकली तर आणखी बरं. वर तुमची नेहमीची गादी आणि त्यावर गोधडी. पांघरायला तीन घेतली असतील तर त्यातलं एक अंथरायला काढा, फरक पहिल्याच रात्री कळेल. शिवाय पलंगाखालच्या मोकळ्या जागेला वाऱ्याच्या बाजूने जमिनीपर्यंत ताडपत्री बांधा. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते करणारे मी फार कमी पाहिले.

एक गोष्ट मात्र घेऊ नका : हवा भरायची साधी गादी. चिखलदऱ्याला मी ती मोठ्या कौतुकाने नेली होती. आतल्या पोकळीत हवा मोकळी फिरत राहते, वरची ऊब खाली नेऊन सोडते. रात्रभर थंड पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखं वाटत होतं. शेवटी हवा सोडून दिली, तिची चौघडी केली आणि तिच्यावर सतरंजी टाकून झोपलो, तेव्हा कुठे डोळा लागला.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो आधी हातभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरतो आणि मग घोंगडं पांघरतो. तणस कॅम्परमध्ये नेऊ नका, ठिणगीची भीती असते. पण क्रम त्याचाच ठेवा : आधी अंथरूण, मग पांघरूण.

प्रश्न : आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायचेच. कॅम्परच्या भिंती कापडी आहेत, शिवाय एक खिडकी थोडी उघडी ठेवू. मग निखाऱ्याची शेगडी आत ठेवायला काय हरकत? (महाल)

हरकत आहे, आणि तिला अपवाद नाही. शेगडी नाही, सिलिंडरवर बसवायचा गॅस हीटर नाही, रात्री विझता विझता आत घेतलेली घमेल्यातली शेकोटीही नाही.

बाळंतिणीची खोली जुन्या वाड्यात होती. वर कौलं, त्यांत बोटबोटभर फटी, दाराशी सतत कुणाची तरी ये-जा, आणि रात्रभर जागी असलेली एक म्हातारी. तुमच्या कॅम्परात यातलं काहीच नाही. कापडातून हवा येते-जाते म्हणाल, तर दवाने भिजलेलं कापड फुगतं आणि त्याची छिद्रं बुजतात. विनाइलच्या भिंतींना तर छिद्रंच नसतात.

निखारे धूर सोडत नाहीत म्हणून ते आपल्याला निरुपद्रवी वाटतात. खरं तर धुमसणाऱ्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी पडेल. झोपलेला माणूस अधिक गाढ झोपत जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले. त्यात लहान मुलंही होती. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले आणि कुणीही वाचलं नाही. तिथे तर पक्क्या भिंतींचं रिसॉर्ट होतं.

गाडीचं इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपणारे आहेत, त्यांनाही हेच उत्तर. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो कॅम्परात बसवाच. पण अलार्म आहे म्हणून शेगडी चालेल, असा अर्थ काढू नका.

प्रश्न : घरचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी सोबत नेली तर १००० वॅटचा रूम हीटर रात्रभर चालेल का? (मानेवाडा)

तासभरही नाही. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवू नये, म्हणजे उरले ९००. त्यातले काही इन्व्हर्टर खातो. आणि जी ऊब तयार होईल ती कापडातून निघून जाईल. तुम्ही पेंचचं जंगल तापवत बसाल.

खोली तापवायचं डोक्यातून काढा, अंथरूण तापवा. अंगाखाली घालायची ६० वॅटची इलेक्ट्रिक चादर आठ तास चालली तरी ४८० वॅट-तास लागतात, तेवढं तुमच्या बॅटरीत आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे रबरी गरम पाण्याची पिशवी. ७० अंशांचं दोन लिटर पाणी ३५ अंशांपर्यंत निवताना साधारण ८० वॅट-तास ऊब देतं. तुमचा हीटर पाच मिनिटांत जाळेल तेवढीच, पण ही सगळी पांघरुणाच्या आत राहते. झोपण्याआधी पंधरा मिनिटं ती अंथरुणात पायाच्या जागी ठेवा. उकळतं पाणी भरू नका, पिशवीला टॉवेल गुंडाळा आणि लहान मुलांच्या अंथरुणातून झोपण्यापूर्वी काढून घ्या.

प्रश्न : सकाळी छतावरून अंगावर थेंब पडतात. पाऊस नव्हता. कापड गळकं आहे का? वर्कशॉपवाला मानत नाही. (वर्धा)

या वेळी वर्कशॉपवाला बरोबर आहे. ते तुमच्या श्वासातलं पाणी आहे. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, छत आभाळाकडे ऊब फेकून गार होतं, आणि वाफ त्याला लागून थेंब होते. आत चहा उकळला असेल तर आणखी. उपाय थंडी वाजणाऱ्याला उलटा वाटेल : वरची एक खिडकी आणि समोरच्या बाजूची एक, दोन्ही बोटभर उघड्या ठेवा. कोरडी गार हवा चालते, ओली हवा अंथरूण भिजवते, आणि भिजलेली रजई ऊब देत नाही. सकाळी ऊन आलं की सगळं बाहेर वाळत घाला. नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी चांगलं कडक ऊन असतं, त्याचा फायदा घ्या. ओलं कापड घडी करून पेटीत बंद केलंत तर पुढच्या वेळी बुरशी स्वागताला असेल.

प्रश्न : स्लीपिंग बॅगवर ५ अंश लिहिलं होतं. आठ अंशांतही कुडकुडलो. फसवणूक? (धंतोली)

लेबल पुन्हा वाचा. नियमानुसार छापलेल्या लेबलवर तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा राहील, झोप लागेल असं नव्हे. स्वस्त बॅगांवर बरेचदा तोच एक आकडा मोठा करून छापतात. पाहायचा तो कम्फर्टचा. एकही खुलासा नसेल तर आकड्यात सात-आठ अंश मिळवूनच विचार करा, हा माझा अनुभव.

प्रश्न : मुलगा मिनेसोटात आहे, त्याने जुना पॉप-अप कॅम्पर घेतलाय. ऑक्टोबरात आम्हा दोघांना त्यात नेणार म्हणतो. वय पासष्टच्या पुढे. जावं का? (प्रतापनगर)

जा की. तिकडच्या बऱ्याच कॅम्परांत फर्नेस असते. ती प्रोपेन जाळते, पण जळण्याची पेटी बंद असते आणि तिचा धूर बाहेर जातो, आत फक्त तापलेली हवा येते. शेगडीत आणि तिच्यात हाच फरक. तिचा पंखा बॅटरीवर चालतो, त्यामुळे पहाटे गॅस शिल्लक असूनही बॅटरी उतरल्यामुळे फर्नेस बंद पडते. मुलाला सांगा, विजेची जोडणी असलेलीच कॅम्पसाइट घे. आणि निघण्याआधी फर्नेस तपासून घे, अलार्मचं बटण दाबून पाहा. तिथे पलंगाच्या कापडी छतावर बाहेरून टाकायची चंदेरी आवरणंही मिळतात, ती चांगलं काम देतात. तुम्ही पलंगाऐवजी मधल्या बाकावर झोपा. बसायचं टेबल खाली केलं की तिथे गादी होते. त्याच्याखाली पेटीची जमीन असते, मोकळा वारा नसतो. आणि रात्री उठायला सोपं.

प्रश्न : जानेवारीत चिखलदऱ्याला जायचंय. कॅम्पर कुठे लावावा? शेकोटी चालते का? (अमरावती रोड)

हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. नागपूर ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे इथे दहा असेल तर तिथे पाच धरून चला. दरीकाठचा देखावा दुपारपुरता ठीक, रात्री तिथे वारा असतो. पाणथळ खोलगटही टाळा. गार हवा जड असते, ती रात्री वाहत जाऊन तिथेच साचते. थोडा चढ आणि डोक्यावर दाट झाड मिळालं तर उत्तम. झाडाखाली दव कमी पडतं, हे रात्रभर अंगणात उभ्या राहिलेल्या कोणत्याही गाडीच्या काचेवर दिसतं. फक्त वाळकी फांदी वर नाही ना, ते दिवसाउजेडी पाहून घ्या.

शेकोटी जंगलात नाही. राखीव वनात आग पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. खासगी जागेत मालकाला विचारून पेटवा, कॅम्परपासून चांगली लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कापडाला ठिणगीचं एक छिद्र पुरतं. शेकून झालं की घाम आलेले कपडे बदला, कोरडे मोजे घाला, लघवीला जाऊन या आणि मगच आत शिरा.

प्रश्न : आणि मोहाची थोडी घेतली तर? (नाव-गाव छापू नये)

छापलं नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर जाते. पहाटे तीनला थंडी दुप्पट होऊन परत येईल. त्यापेक्षा झोपण्याआधी तिळाचे दोन लाडू खा.