जॅझमधला 'अल्बम' आणि 'सेशन'

प्रश्न असा आला आहे: "जॅझचे चाहते एकमेकांना 'सध्या काय ऐकताय?' असं विचारतात आणि उत्तरादाखल अल्बमांची नावं सांगतात. यावर मराठीत लिहिताना 'अल्बम'ऐवजी 'ध्वनिमुद्रिका' किंवा 'गीतसंग्रह' लिहिलं तर चालेल का? आणि ते ज्याला 'सेशन' म्हणतात, तो अल्बमच ना?"

'गीतसंग्रह' आधी बाद करू. चाहत्यांच्या तोंडी असलेल्या कितीतरी जॅझ अल्बमांत गाणारं कुणी नसतंच. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम एवढाच कारभार. 'ध्वनिमुद्रिका' हा शब्द मला आवडतो, पण तो तबकडीचा आहे. एखादा अल्बम दोन तबकड्यांचा असतो, आणि आज बहुतेकांच्या कानापर्यंत तो तबकडीविनाच पोचतो.

'अल्बम'च्या मुळाशी तबकडी नाहीच. लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा. रोममध्ये जाहीर सूचना ज्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत, तो 'आल्बुम'. पुढे कोऱ्या पानांच्या वहीला हे नाव मिळालं, मग त्या वहीत स्वाक्षऱ्या आल्या, फोटो आले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं संगीत मावायचं. त्यामुळे काही मोठं द्यायचं तर अनेक तबकड्या कागदी पाकिटांत घालून ती पाकिटं पुठ्ठ्याच्या बांधणीत शिवत. दिसायला तो थेट फोटोंचा अल्बमच. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली. एका बाजूवर वीसेक मिनिटं बसू लागली, बांधणीची गरज संपली, नाव तेवढं टिकलं. म्हणून अल्बम म्हणजे निवडून, क्रम लावून एकत्र ठेवलेलं संगीत.

सेशन ही वेगळीच गोष्ट. वादक स्टुडिओत जमले, वाजवलं, रेकॉर्ड झालं, ते सेशन. वादक त्यालाच 'डेट' म्हणतात (प्रेमप्रकरणाशी संबंध नाही). अल्बम आणि सेशन यांचं गणित दर वेळी एकास एक जुळतंच असं नाही, आणि जॅझच्या गप्पांतली अर्धी गंमत या न जुळण्यात आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचंच बघा. त्याने कोलंबियाशी करार केला होता, पण प्रेस्टीज या जुन्या कंपनीचं अल्बमांचं देणं बाकी होतं. ते फेडायला त्याच्या पाच जणांच्या संचाने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ अशा दोन दिवसांत ढीगभर रचना वाजवल्या. प्रेस्टीजने त्यांतून 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन' आणि 'स्टीमिन' असे चार अल्बम केले आणि १९५७ ते १९६१ या काळात एकेक करून सोडले. १९६१ साली 'नवा अल्बम' घेणाऱ्याच्या हाती पाच वर्षांपूर्वीचं वादन पडलं! तोवर संच फुटला होता आणि त्यातला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन स्वतःच्या वाटेने फार पुढे गेला होता. या चार अल्बमांची तुलना करताना 'या अल्बममध्ये तो आधीपेक्षा परिपक्व वाटतो' असं लिहिणारा म्हणूनच फसतो. विचारायचं ते सेशन कधीचं हे.

उलटही घडतं. माइल्सच्याच 'बर्थ ऑफ द कूल'मधल्या रचना १९४९-५० च्या तीन सेशन्समधल्या. त्या नावाची बारा इंची एलपी आली १९५७ मध्ये. म्हणजे वाजवताना वादकांपुढे हा अल्बम नव्हताच. आणि सेशन स्टुडिओतच व्हावं असंही नाही: पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये जे वाजवलं, त्याचे दोन अल्बम झाले. बासवादक स्कॉट लफॅरो त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात गेला. त्यामुळे पहिल्या अल्बमसाठी रचना निवडताना त्याचं वादन ठळकपणे पुढे येईल असं पाहिलं गेलं. याच्या दुसऱ्या टोकाला कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. त्याचे चारही भाग ९ डिसेंबर १९६४ या एकाच दिवशीचे. तिथे सेशन आणि अल्बम खरोखर एक झाले, आणि असे अल्बमही जॅझमध्ये पुष्कळ आहेत.

तेव्हा माझं मत: 'अल्बम' तसाच ठेवा, मराठीत तो पुल्लिंगी म्हणून रुळलाही आहे. 'सेशन'ला जॅझवाल्यांच्या बोलीत 'सेशन'च म्हणा. लेखात 'ध्वनिमुद्रण' चालेल, फक्त सोबत तारीख हवी. 'ध्वनिमुद्रिका' प्रत्यक्ष तबकडीबद्दल बोलत असाल तेव्हासाठी राखून ठेवा.

क्रियापदाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण गोंधळ तिथेही होतो. 'सध्या माइल्स वाजवतोय' असं लिहिलंत, तर वाचणारा तुमच्या हातात ट्रम्पेट आहे असं समजेल. रेडिओसारखाच अल्बमही मराठीत 'लावतात'. 'काल रात्री वर्किन लावला होता' हे अगदी सरळ मराठी आहे.