डीएनएची दुरुस्ती बिघडली की कॅन्सर होतो; मग दुरुस्तीच अडवणारं औषध कॅन्सरवर कसं चालतं?

शंका रास्त आहे. उत्तर दडलंय बीआरसीए जनुकांत. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते बिनचूक जोडायला बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं लागतात. ज्या गाठीत यातलं एक निकामी झालेलं असतं, तिच्या पेशी उरलेल्या दुरुस्ती-यंत्रणांवर तग धरून असतात. पार्प हे त्यातलं महत्त्वाचं एन्झाइम. ओलापॅरिबसारख्या औषधाचा छोटा रेणू पार्पला नुसता बंद करत नाही, डीएनएवरच अडकवून ठेवतो. पेशी विभाजनाआधी डीएनएची नक्कल करू लागली की त्या अडथळ्यापाशी धागे तुटतात, नीट जोडणारं कोणी नसतं, आणि पेशी मरते. रुग्णाच्या निरोगी पेशींत मात्र त्या जनुकाची एक चांगली प्रत शाबूत असते, म्हणून त्या निभावून नेतात. (कॅन्सरच्या औषधांतली ही मला सगळ्यात देखणी कल्पना वाटते.)

प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे २००५ साली दिसलं. डिसेंबर २०१४ मध्ये ओलापॅरिबला अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. आता स्तन, प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या काही कॅन्सरमध्येही देतात.

पण हे रामबाण नाही. बऱ्याच रुग्णांत आजार पुन्हा उसळायला जास्त वेळ लागतो, इतकंच. काही गाठींत बीआरसीए जनुकात नवा बदल होऊन दुरुस्ती परत सुरू होते आणि गोळी निष्प्रभ ठरते. मळमळ, थकवा, हिमोग्लोबिन घसरणं हे नेहमीचे त्रास. क्वचित रक्ताचा कॅन्सरही होतो. त्यामुळे गोळ्या चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं.