वाचकांचे प्रश्न : आयर्लंडची जहाजे आणि व्हायकिंग

प्रश्न : आयरिश लोकांना जहाजे बांधायला आणि समुद्रावर जायला व्हायकिंगांनी शिकवले, असे विधान अलीकडे वाचनात आले. चहूकडून समुद्राने वेढलेल्या बेटावरील लोकांना त्याआधी नौकानयन ठाऊक नव्हते, हे मनाला पटत नाही. खरे काय आहे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. व्हायकिंगांची, म्हणजे स्कँडिनेव्हियातून (नॉर्वे-डेन्मार्ककडून) आलेल्या दर्यावर्दी लुटारूंची, पहिली नोंदलेली धाड आयर्लंडच्या किनाऱ्यावर ७९५ मध्ये पडली, तेव्हा आयरिश लोक दूरवरच्या समुद्रप्रवासाला सरावलेले होते. डिकुइल या आयरिश विद्वान भिक्षूने ८२५ च्या सुमारास लिहिलेल्या भूगोलाच्या ग्रंथात सुमारे ३० वर्षांपूर्वी ‘थूले’ बेटावर राहून आलेल्या धर्मोपदेशकांची हकीकत दिली आहे. तेथे उन्हाळ्यातील मध्यरात्रीही इतका उजेड असे की सदऱ्यातील उवासुद्धा वेचता येत, असे तो सांगतो. हे बेट म्हणजे आइसलँड, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नॉर्स लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांच्याच भाईबंदांनी, तेथे वसाहत केली ती त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी.

ही माणसे प्रामुख्याने ‘कुरख’ नावाच्या चामडी होडीतून जात. लवचीक लाकडाचा सांगाडा बांधायचा, त्यावर ओकच्या सालीत कमावलेली बैलाची कातडी ताणून शिवायची आणि शिवणींना चरबी चोपडायची, अशी तिची रचना असे. इंग्लंडच्या जुन्या ‘अँग्लो-सॅक्सन बखरी’त ८९१ सालाखाली तीन आयरिश यात्रेकरूंची नोंद आहे. अवघ्या अडीच कातड्यांच्या होडीत, वल्ह्यांवाचून, ईश्वराच्या भरवशावर निघालेले हे तिघे सात दिवसांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागले. फळ्यांच्या नावाही आयर्लंडमध्ये होत्या. मात्र कुरख हलकी आणि लाटेवर सहज उचलली जाणारी असली, तरी पाण्याखाली खोल कणा (तळाची लांब तुळई) नसल्याने तिला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला रेटणे अवघड जाई, आणि जड माल किंवा मोठे सैन्य वाहून नेणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

व्हायकिंगांनी आणले ते या मर्यादेवरचे उत्तर. त्यांची जहाजे ओकच्या कण्यावर उभी राहत, आणि कौलारू छपरावर कौल जसे कौलावर चढते तशी त्यांची एकेक फळी खालच्या फळीवर चढवून लोखंडी रिव्हेटांनी पक्की केली जाई. दोन फळ्यांच्या मध्ये डांबर लावलेली लोकर किंवा जनावरांचे केस भरत. फळ्या करवतीने कापत नसत. ओकचा बुंधा पाचरी ठोकून मध्यापासून बाहेरच्या दिशेने चिरत आणि मग कुऱ्हाडीने तासत. लाकडाचे तंतू अखंड राहिल्यामुळे फळी पातळ असूनही चिवट होई आणि जहाजाचा बांधा हलका होऊनही लाटांचा मार सोसत असे.

माझ्या मते मात्र जहाजाच्या बांधणीपेक्षा बंदराचे महत्त्व अधिक आहे. ८४१ मध्ये डब्लिन येथे व्हायकिंगांचा तळ पडला आणि दहाव्या शतकात वॉटरफर्ड, लिमरिक, वेक्सफर्ड अशी बंदरे उभी राहिली. मोठे जहाज बांधायचे तर सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, शिडे विणणारे आणि डांबराचा पुरवठा करणारे व्यापारी एके ठिकाणी लागतात. अशी शहरे त्याआधी आयर्लंडमध्ये नव्हती. होते ते मठ, आणि त्यांची निकड वेगळी होती. पुढे आयरिश राजांनी ही बंदरे नष्ट न करता ताब्यात ठेवली, यातच त्यांची किंमत दिसते. आयर्लंडच्या पूर्वेकडील लेन्स्टर राज्याचा राजा डिअरमाइट याने १०५२ मध्ये डब्लिन घेतले. हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा हॅरल्ड याच्या मुलांनी डिअरमाइटच्याच आश्रयाला येऊन आयर्लंडहून आरमार नेऊन इंग्लंडवर चढाई केली. ११५४ मध्ये आयर्लंडच्या उत्तर टोकाला इनिशोवेनजवळ पश्चिमेकडील कॉनाख्ट राज्याचे आरमार आणि उत्तरेकडच्या राजाने मॅन बेट व स्कॉटलंडच्या बेटांतून भाड्याने आणलेले आरमार यांच्यात मोठी लढाई झाली. म्हणजे बाराव्या शतकापर्यंत आरमारी लढाई हा आयरिश राजकारणाचाच भाग झाला होता. बाड (होडी) आणि स्ट्यूर (सुकाणू) यांसारखे शब्दही आयरिश भाषेत नॉर्समधूनच आले, असे भाषातज्ज्ञ सांगतात.

प्रश्न : डेन्मार्कमध्ये सापडलेले एक व्हायकिंग जहाज डब्लिनमध्ये बांधले गेले होते, असे म्हणतात. हे कशावरून ठरवले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झाडाच्या वर्तुळांवरून. रोस्किल्ड शहराजवळच्या खाडीत १०७० च्या सुमारास जुनी जहाजे मुद्दाम बुडवून शत्रूची वाट अडवली होती. १९६२ मध्ये त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसले आणि अवशेष बाहेर काढले. प्रथम सहा जहाजे मोजली गेली. नंतर दुसरे आणि चौथे हे एकाच लांबलचक जहाजाचे भाग निघाले, म्हणून क्रमांक चार आजही यादीत रिकामाच आहे. त्या दुसऱ्या जहाजाच्या ओकमधील वार्षिक वर्तुळांची रुंदी, पाऊसपाण्याप्रमाणे कमीजास्त झालेली, डब्लिन परिसरातील लाकडांच्या क्रमाशी तंतोतंत जुळली आणि झाडे १०४२ च्या सुमारास तोडल्याचे कळले. हे जहाज सुमारे ३० मीटर लांब असून त्याला ६० वल्ही होती. दोन शतके आधी आलेल्या लुटारूंच्या वंशजांनी आयरिश जंगलातील ओक तोडून ते बांधले, तेव्हा त्याला आयरिश म्हणायचे की व्हायकिंग, हा वाद मला निरर्थक वाटतो.

त्याची प्रतिकृती जुन्या पद्धतीने, कुऱ्हाडी वापरून बांधण्यात आली आणि २००७ च्या उन्हाळ्यात ती रोस्किल्डहून स्कॉटलंडच्या उत्तरेकडून वळसा घेत १४ ऑगस्टला डब्लिनला पोचली. वाटेत वारा पडल्याने उत्तर समुद्राचा काही भाग तिला दुसऱ्या जहाजाने ओढत न्यावे लागले, ही गोष्ट उत्साही वर्णनांत बहुधा गाळली जाते. डब्लिनमध्येही पुरावा कमी नाही : नदीकाठच्या वुड की या भागातील १९७४ ते १९८१ मधील उत्खननांत मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या नदीकाठच्या धक्क्याच्या बांधकामात वापरलेल्या आढळल्या.

प्रश्न : मग कुरख नामशेष झाली का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरन बेटांवर ती विसाव्या शतकातही मासेमारीसाठी नित्य वापरात होती. फरक इतकाच की कातड्याऐवजी डांबर लावलेले कॅनव्हास आले. खडकाळ किनाऱ्यावर, जेथे धक्का नाही, तेथे होडी खांद्यावर उचलून वर नेता येणे ही मोठी सोय असते, आणि त्या कामात फळ्यांचे जड जहाज तिची जागा घेऊ शकले नाही. आता तिच्या वल्ह्यांच्या शर्यती दर उन्हाळ्यात होतात.