१० बाय १२ च्या मागच्या अंगणात बार्बेक्यू: भट्टी बांधू नका, ओटा बांधा

तुम्ही टाकलेला नकाशा नीट पाहिला. पुण्यातलं रो हाउस, मागे १० बाय १२ फुटांची फरसबंद जागा, दोन बाजूंना सहा फुटी कंपाउंड, एका बाजूला हॉलचं सरकतं दार, चौथी बाजू बोळाकडे मोकळी. ठेकेदार म्हणतोय की कंपाउंडच्या कोपऱ्यात विटांची पक्की भट्टी बांधू, वर काळा ग्रॅनाइट आणि पत्र्याची शेड. तुम्ही भट्टीची मापं विचारली आहेत. माझं कळकळीचं सांगणं आहे की भट्टी बांधूच नका. पैसे फरशीवर आणि ओट्यावर घाला, विस्तव मात्र हलवता येणाऱ्या शेगडीत ठेवा.

मागच्या अंगणांची कामं मी बरीच वर्षं करतोय. लहान जागेत सगळं अवलंबून असतं ते धुरावर. कोपऱ्यात वारा सरळ वाहत नाही, भिंतीला आपटून फिरतो आणि धूर पेटवणाऱ्याच्याच तोंडावर येतो. उन्हाळ्यात पुण्याला संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा निभावतं. पण आपल्याला शेगडी पेटवावीशी वाटते डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत रात्री वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर न जाता खालीच पसरतो. तुमच्या हॉलमध्ये आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. म्हणून काम सुरू करण्याआधी तीन-चार संध्याकाळी, सात ते नऊच्या दरम्यान, चार-पाच उदबत्त्या एकत्र पेटवून अंगणात वेगवेगळ्या जागी धरून बघा. धूर जिथून बाहेर निघून जातो ती शेगडीची जागा. माझ्या अंदाजाने ती बोळाकडची मोकळी बाजू निघेल.

दुसरं कारण पावसाचं. जून ते सप्टेंबर भट्टी भिजत राहणार. विटा आणि सांधे पाणी पितात, आणि ओली वीट एकदम तापली की आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे उडतात, तडे जातात. साधा सिमेंटचा मालही विस्तवाशी टिकत नाही. ३०० अंशांच्या पुढे त्याची ताकद उतरत जाते. भट्टी करायचीच असेल तर आतून फायर ब्रिक (जास्त उष्णता सोसणारी वीट) आणि तशाच मातीचा, म्हणजे फायर क्लेचा माल लागतो, बाहेरची वीट वेगळी आणि दोन्हींमध्ये थोडी फट, कारण आतली वीट जास्त फुगते. एवढं सगळं केल्यावर दोन भिंतींच्या मध्ये फायर ब्रिकचा साडेचार इंची थर दोन्ही बाजूंनी आला की छोट्या जागेतले किती इंच गेले ते मोजा.

आता मांडणी. ओटा दाराच्या समोरच्या कंपाउंडला लावून घ्या: पाच फूट लांब, दोन फूट खोल, ३३ ते ३४ इंच उंच. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी सवय झालेली असेल तर तीच उंची ठेवा. शेगडी ओट्याच्या मोकळ्या टोकाला, काटकोनात, म्हणजे पेटवणाऱ्याच्या एका हाताला ओटा राहील आणि मान वळवली की बसलेली माणसं दिसतील. कंपाउंडपासून शेगडी निदान दीड-दोन फूट लांब हवी, घराच्या भिंतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी. अमेरिकेत अनेक कुटुंबं राहणाऱ्या इमारतींसाठी प्रचलित नियम दहा फुटांचा आहे; तुमच्या जागेत तेवढं अंतर मिळणार नाही, पण त्या आकड्यावरून आपण कशाशी खेळतोय ते कळतं. पेटवणाऱ्याच्या मागे तीन फूट पूर्ण मोकळे ठेवा आणि दारातून खुर्च्यांकडे जायची वाट त्या तीन फुटांतून काढू नका. पळणारी पोरं आणि तापलेल्या सळया एका वाटेवर यायला नकोत.

तुमचं सरकतं दार यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीचं आहे का? असेल तर जास्त जपा. ते ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. झाकणाची शेगडी असेल तर झाकण उघडताना बाहेर पडणारी झळ त्या चौकटीकडे जाता कामा नये.

पत्र्याची शेड विस्तवावर नको. धूर अडतो, आणि शेड तीन बाजूंनी बंद झाली की कार्बन मोनॉक्साइड साचण्याची भीती. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. याच कारणाने पावसाची सर आली म्हणून पेटती शेगडी हॉलमध्ये किंवा पार्किंगमध्ये कधीही घेऊ नका. सावलीसाठी ताणलेली हिरवी नेटही शेगडीच्या वर नको. ते प्लॅस्टिक आहे, एका ठिणगीला वितळतं.

ओट्याच्या दगडाबद्दल. कडप्पा आपल्या घरोघरी असतो, पण तो चुनखडीचाच प्रकार. मॅरिनेशनचं लिंबू, व्हिनेगर सांडलं की पांढरे डाग कायमचे. शहाबादी आणि कोटाचंही तेच. ओट्यावर ग्रॅनाइट उत्तम, ठेकेदाराचं तेवढं बरोबर आहे, फक्त तो विस्तवाला टेकू देऊ नका. एका जागी खूप तापला की तडकतो. जमिनीवर जुनी शहाबादी असेल तर राहू द्या. शेगडीखाली तीन बाय चार फुटांचा जाड पत्रा टाका किंवा फायर ब्रिक आडव्या सुट्या मांडा. तेलाचे डाग आणि निखारे दोन्ही त्यावर पडतील. फरशीचा उतार दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच, घराकडून बाहेर. एक गोष्ट अगदी पक्की करून घ्या: या अंगणाचं पाणी पावसाच्या पाण्याच्या टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला जात असेल तर ते वेगळं काढा. चरबी आणि राख त्यात जाऊ नये.

शेगडी कुठली? चार-पाच माणसांसाठी १८ इंची गोल, झाकणाची पुरते. सळयांवरचं कबाब-पनीरच जास्त होणार असेल तर आठ-दहा इंच रुंदीची लांबट लोखंडी शेगडी जास्त कामाची. सळया दोन्ही काठांवर टेकतात, जाळी लागत नाही. भरताची वांगी, कणसं, रताळी करायची तर झाकणवालीच घ्या. निखारे सगळीकडे न पसरता एका बाजूला सारायचे, म्हणजे एक बाजू कडक आणि दुसरी मंद मिळते. सुरमईचा तुकडा आधी कडकवर धरून मग मंदवर सरकवला की आतून कोरडा पडत नाही. गॅल्व्हनाइज्ड जाळी हार्डवेअरवाला स्वस्तात देईल, ती अन्नाखाली वापरू नका. तापल्यावर जस्ताचा लेप जळतो आणि त्याचा धूर घातक असतो.

धूर कमी करायचा सोपा उपाय म्हणजे पेटवणीचा पत्र्याचा नळा. खाली कागद, वर कोळसा, पंधरा-वीस मिनिटांत कोळशावर पांढरी राख येते. कोळसा अर्धवट पेटलेला असतानाच सर्वांत जास्त धुरतो, त्यामुळे पूर्ण पेटल्याशिवाय शेगडीत ओतू नका. मॅरिनेशनमधलं जादा तेल निथळून घ्या. रॉकेल नको, वास अन्नात उतरतो.

गॅसची घेतली तर सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खालीच साचतो. कपाटातच ठेवायचा तर त्याला तळाशी जाळी हवी आणि जवळ नाली किंवा खड्डा नको.

बाकी किरकोळ: दिवा शेगडीजवळ उभ्या माणसाच्या बाजूने लावा, पाठीमागून नाही, नाहीतर स्वतःच्या सावलीत मांस शिजलं का ते दिसत नाही. प्लग पॉइंट पावसाला टिकणारा आणि आरसीसीबीवर (वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच). हाताशी वाळूची बादली, कारण चरबीच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं. राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा. राखेतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, म्हणून ती लगेच कचऱ्यात किंवा कुंडीत टाकू नका.

दार यूपीव्हीसीचं की ॲल्युमिनियमचं, आणि उदबत्तीचा धूर कुठे गेला, एवढं कळवा. त्यावरून ओट्याची नेमकी लांबी आणि शेगडीची जागा नकाशावर आखून देतो. तोवर ठेकेदाराला विटा मागवू देऊ नका.