ध्यानाला बसलं की सकाळी पेंग येते, रात्री विचार धावतात. सात बोध्यंगं घरच्या घरी कशी वाढवायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्याजवळच्या मरकळचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंत, आता घरी सकाळी सहाला आणि रात्री नऊला तासभर बसता. सकाळी डुलक्या लागतात, रात्री हिंजवडीतला अख्खा दिवस डोक्यात फिरतो. आणि आता दर आठवड्याला एक याप्रमाणे सात आठवड्यांत सातही बोध्यंगं, म्हणजे बोधाकडे नेणारे मनाचे सात गुण, ‘करायचा’ बेत आहे. तो बेत आधी सोडा. ही अभ्यासक्रमातली प्रकरणं नाहीत. कोणतं बोध्यंग घ्यायचं हे आठवडा ठरवत नाही, त्या क्षणी मन कसं आहे त्यावर ते ठरतं.

सात म्हणजे सति (जागरूकता), धम्मविचय (घडतंय ते बारकाईने तपासणं), विरिय (प्रयत्न), पीति (आनंद), पस्सद्धि (निवांतपणा), समाधि (एकाग्रता) आणि उपेक्खा (समभाव). संयुत्तनिकाय या पाली ग्रंथातल्या अग्गिसुत्तात त्यांची वाटणी अगदी व्यवहारी केलेली आहे. धम्मविचय, विरिय, पीति ही तीन मनाला उठवणारी; पस्सद्धि, समाधि, उपेक्खा ही तीन निववणारी. विझत आलेली आग पेटवायची असताना त्यात कोणी ओलं गवत, ओलं शेण, ओली लाकडं घातली तर ती पेटेल का? मन सुस्तावलेलं असताना पस्सद्धि वाढवणं म्हणजे तेच. आणि भडकलेली आग विझवायची असताना सुकं सरपण घालणं म्हणजे चंचल मनावर आणखी जोर लावणं. सति मात्र सगळीकडे हवी, असं तिथेच म्हटलंय. तुमचा घोटाळा बहुधा इथे आहे: दोन्ही वेळेला तुम्ही एकच औषध घेताय.

म्हणून बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं फक्त पाहा, की आत्ता मन कोणत्या बाजूला कललंय. त्यावर काही उपाय लगेच करू नका.

सकाळची पेंग. हनुवटी खाली येते तेव्हा उशीर झालेला असतो. खूण त्याच्या बरीच आधी मिळते. बाहेर गेलेला श्वास संपतो, मग एक छोटी पोकळी असते, आणि आत येणाऱ्या श्वासाची सुरुवात तुमच्याकडून निसटते. मधला भाग कळतो, सुरुवात कळत नाही. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि पेंग, दारात उभं आहे असं समजा. हे ओळखणं ही सति. आता धम्मविचय: हा श्वास लांब की आखूड? डाव्या नाकपुडीतून जास्त की उजव्या? वरच्या ओठाच्या वर नेमका कुठे लागतोय? आत येताना गार, जाताना कोमट, हा फरक कळतोय का? उत्तर शब्दांत द्यायचं नाही, फक्त बघायचं. ‘मी कोण’ छापाचं चिंतन इथे सुरू झालं तर तो धम्मविचय नव्हे, गप्पा. हवं तर श्वास मोजा. जुने पाली भाष्यकार बुद्धघोष यांनी घालून दिलेली मर्यादा चांगली आहे, पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही. पुढे गेलं की मन आकड्यांवरच बसतं.

तरीही डोळे मिटत असतील तर बुद्धांनी आपला शिष्य मोग्गल्लान याला सांगितलेले उपाय करा: पाठ असलेलं काही म्हणा, दोन्ही कान ओढा, हातपाय चोळा, उठून डोळ्यांना पाणी लावा, बाहेर बघा, उजेडाची कल्पना मनात धरा, चाला. आणि सगळं करूनही झोप येतच असेल तर उजव्या कुशीवर झोपा, हेसुद्धा त्याच यादीत शेवटी आहे. रात्री पाचच तास झोपणाऱ्याची पेंग ध्यानाने जात नाही, आणि जायला नकोही.

रात्रीचं उलट. इथे बहुतेक जण नाकाखालच्या जागेला चिकटून बसायचा आटापिटा करतात, कपाळ आवळतं, आणि विचार दुपटीने येतात. त्यापेक्षा आधी दहा मिनिटं गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यात हळू चाला. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, एवढंच. मग बसताना आनापानसतीच्या, म्हणजे श्वासावर सति ठेवण्याच्या, सोळा पायऱ्यांपैकी तिसरी आणि चौथी घ्या: सगळ्या शरीराची जाणीव ठेवत श्वास, मग शरीर निवत जाताना श्वास. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर जबडा, खांदे, पोट, बोटं यांतला ताण सुटू द्यायचा, एकेका जागेला चार-पाच श्वास. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव चालू असतो तेव्हा आवाजाशी भांडू नका. आवाज ऐकू येतोय हे एक, आणि ‘यांना काही काळवेळ आहे का’ हे दुसरं. हे दुसरं म्हणजे व्यापाद, मनातली चीड; त्याच्याकडे लक्ष द्या.

पीति ओढून आणता येत नाही. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, शरीर हलकं वाटणं, हे होतं आणि जातं. काल आलं ते आज परत मिळवायला बसलात की कामच्छंद, म्हणजे सुखाची हाव, सुरू झाला. तिला खाद्य द्यायचं तर दिवसभरात कोणाला काही मोकळ्या मनाने दिलं असेल ते दोन मिनिटं आठवा. शीलाचा, म्हणजे वागणुकीचा, हिशोबही चालतो. दिवसभर थापा मारून रात्री पस्सद्धि मागणाऱ्याला ती मिळत नाही, हे रुक्ष वाटेल पण खरं आहे.

उपेक्खेबद्दल एवढंच, की काही वाटेनासं होणं म्हणजे उपेक्खा नव्हे. वेदना स्पष्ट कळतेय आणि तरी मन तिच्यामागे धावत नाही, असं असेल तरच ती.

बाकीच्या दिवसात सति छोट्या ठिकाणी ठेवा. दुचाकी चालवताना श्वास बघू नका, कृपा करून रस्ता बघा. सिग्नलला थांबलात की हँडलवरची मूठ किती आवळलीय तेवढं बघा.

उठल्यावर वहीत दोन ओळी पुरेत. सतिपट्ठानसुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सतीवरच्या उपदेशात, प्रत्येक बोध्यंगाबद्दल चार गोष्टी जाणायला सांगितल्या आहेत: आहे का, नाही का, नसलेलं कसं उपजतं, उपजलेलं पूर्ण कसं होतं. सुरुवातीचे काही महिने पहिल्या दोनच लिहा. सातांपैकी चार ‘नाही’ आले तरी चालेल, ‘नाही’ ओळखणं हाही अभ्यासच आहे.

एक खबरदारी. झोप उडाली, छातीत धडधड वाढली, घाबरल्यासारखं होऊ लागलं तर बैठक वीस मिनिटांवर आणा, डोळे उघडे ठेवा, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. शिबिरात शिकवलेल्या पद्धतीत यातलं काय बसतं आणि काय नाही, हे तिथल्या सहायक आचार्यांना विचारून घ्या. एका बैठकीत दोन पद्धतींची मिसळ करू नका.