गाडीची पारख मंद वेगात

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

कोणती मोटरसायकल घ्यावी हे ठरवायला तू केलेला तक्ता मी दोनदा वाचला. डावीकडे यामाहाची स्पोर्ट्स बाइक आर३, उजवीकडे रॉयल एनफिल्डची सरळ बैठकीची क्लासिक ३५० आणि त्यांच्यापुढे अकरा ओळी. त्यांतल्या आठ ओळी अशा वेगाबद्दल आहेत, ज्या वेगाने तू आठवड्यातून दहा मिनिटेही जाणार नाहीस. सकाळी घरून निघाल्यापासून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अंगाला, मनगटाला आणि डोक्याला काय होते, याबद्दल मात्र एकही ओळ नाही. चार महिने तू या दोन गाड्यांत अडकून पडला आहेस, रात्री झोप लागत नाही असे लिहितोस, आणि आजवर दोन्ही गाड्या चालवल्यास त्या फक्त मोकळ्या सरळ रस्त्यावर, दहा-दहा मिनिटे. एवढ्यावर ठरवशील तर चुकशील. मी असाच चुकलो होतो.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: गाडीची पारख मंद वेगात करावी. वेगात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

यामागचे कारण नीट समजून घे. स्पोर्ट्स बाइकचे खाली बसवलेले हँडल, मागे आणि वर सरकवलेले फूटरेस्ट, पुढे झुकलेली पाठ ही बैठक शर्यतीच्या रस्त्यावरून आली आहे आणि तिथे ती अगदी बरोबर आहे. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वारा छातीला मागे रेटतो, शरीराचा पुढचा भार तोच पेलतो आणि मनगटे मोकळी राहतात. पण वाऱ्याचा हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला तो १२०च्या तुलनेत फक्त एक नवमांश उरतो. मग छातीचा भार कोण उचलणार? तुझी दोन मनगटे. पोटाचे आणि पाठीचे स्नायू तयार असतील तर थोडी मदत होते, हे खरे आहे; पण दिवसभर काम करून घरी निघालेल्या माणसाने प्रत्येक सिग्नलला पोट आवळून बसावे, ही अपेक्षा मला मान्य नाही.

इंजिनाचेही तसेच आहे. तुझ्या तक्त्यात टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे, आकडे शेजारी शेजारी आहेत, आर३चा २९.६ न्यूटन-मीटर आणि क्लासिकचा २७, आणि पुढे तू ‘जवळपास सारखेच’ असा शेरा मारला आहेस. सारखे नाहीत. पहिला आकडा मिनिटाला ९,००० फेऱ्यांना मिळतो, दुसरा ४,००० फेऱ्यांना. गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सरकताना इंजिन ज्या फेऱ्यांवर फिरत असते, तिथे क्लासिकची ताकद हाताशी असते आणि आर३ची अजून बरीच वर असते; तिला गाठायचे तर गिअर उतरवायचा, थ्रॉटल पिळायचा आणि लगेच पुन्हा ब्रेक दाबायचा. ४२ अश्वशक्तीपुढे २० अश्वशक्ती पाहून तुझा जीव खालीवर होतो, ते मला कळते. पण ते ४२ घोडे १०,७५० फेऱ्यांना जागे होतात. तिथपर्यंत तू रोज किती वेळा जाणार आहेस, ते प्रामाणिकपणे लिहून काढ.

मी सव्वीस वर्षांचा असताना अशीच एक गाडी घेतली. रंग, आवाज, रस्त्यावर वळून बघणारे लोक, सगळे मनासारखे होते. दुसऱ्याच आठवड्यात घरासमोरच्या चढावर डावीकडे गाडी वळवत होतो. स्पोर्ट्स बाइकचे हँडल फार वळत नाही, म्हणून मी ते अगदी टोकापर्यंत वळवले आणि माझा डावा अंगठा हँडल आणि टाकी यांच्यामध्ये चिमटला. बोटे आपोआप उघडली, हाफ क्लच, म्हणजे अर्धा दाबून धरलेला क्लच, सुटला, गाडीने एक धक्का दिला, इंजिन बंद पडले आणि पावणेदोनशे किलोचे धूड माझ्या डाव्या पायाकडे कलंडले. वेग माणूस चालतो तेवढासुद्धा नव्हता. क्लचचा लिव्हर मुळाशी मोडला, फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाला, हातभर तडा गेला. पाय वाचला. चढावरच्या त्या वळणावर पडलेल्या गाडीने जे शिकवले, ते मोकळ्या रस्त्यावरच्या त्या दहा मिनिटांनी शिकवले नव्हते.

अपघात वेगातच होतात असे तुला वाटत असेल, तर एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला आणि त्याचा अहवाल १९८१ साली आला. त्या अपघातांत धडकेच्या क्षणाचा मध्यक वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता, म्हणजे निम्म्या धडका याहूनही कमी वेगात झाल्या. ज्या अपघातांत दुसरे वाहन गुंतलेले होते, त्यांतल्या दोन-तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलचा वाट मिळण्याचा हक्क डावलला होता. म्हणजे धोका बहुतेक वेळा चौकात, वळणावर, कोणीतरी न बघता आडवे आल्यावर येतो. त्या क्षणी मान उंच, नजर लांब आणि हात सैल असलेला माणूस आणि टाकीवर वाकून, मनगटे आखडून बसलेला माणूस यांत फरक पडतो, असे मी माझ्या अनुभवावरून ठामपणे म्हणतो.

आता तू लिहिशील की स्पोर्ट्स बाइक हलकी असते, तिचे ब्रेक आणि पकड सरस असते. हलकी असते, कबूल. आर३ १६९ किलोची आहे, क्लासिक १९५ किलोची, आणि सीटची उंचीही आर३चीच कमी आहे. या गोष्टी खऱ्या आहेत आणि तुझ्या तक्त्यात त्या लिहिल्यास, हे मला आवडले. शर्यतीच्या ट्रॅकवर महिन्यातून दोनदा जाणार असशील तर हे पत्र फाडून टाक आणि आर३ घे. पण तू जाणार नाहीस. ‘कधीतरी जाईन’ हे तुझ्या पत्रातले शब्द मी ओळखतो, कारण ते माझेच आहेत. मी एकदाही गेलो नाही.

‘साध्या गाडीचा कंटाळा येईल’ हे वाक्य तर तू तीन वेळा लिहिले आहेस. ते तुझ्या मित्रांचे आहे, तुझे नाही. कंटाळा गाडीचा येत नाही. जी गाडी काढायचे जिवावर येते, तिचा येतो. मनगट दुखते म्हणून आज बसने जाऊ, पाऊस आहे म्हणून आज नको, मागे कोणी बसणार आहे म्हणून आज नको. माझी ती गाडी पावणेदोन वर्षांत साडेपाच हजार किलोमीटर चालली आणि उरलेला वेळ आच्छादनाखाली उभी राहिली. त्यानंतर घेतलेली सरळ बैठकीची साधी गाडी आज एक लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. वय झाले म्हणून हा माणूस असे बोलतो, असे काही जण म्हणतात. मी ती स्पोर्ट्स बाइक विकली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हतो. हार मानून विकली नाही. मला रोज गाडी चालवायची होती, म्हणून विकली. हे मला आजही लोकांना सांगावे लागते याचा त्रास होतो, पण ते असो.

मागच्या सीटबद्दल तू एक अक्षर लिहिलेले नाहीस, म्हणून हे सांगतो. एका पहाटे मी वडिलांना माझ्या त्या स्पोर्ट्स बाइकवरून स्टेशनवर सोडले. त्या उंच, तळहाताएवढ्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन ते बसले, मांडीवर बॅग, आणि प्रत्येक ब्रेकला त्यांचा सगळा भार माझ्या पाठीवर येत होता. धरायला काहीच नव्हते, म्हणून त्यांनी माझ्या कुशीवरून हात पुढे नेऊन टाकीला टेकवले होते. उतरल्यावर ते गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘छान आहे गाडी.’’ पुढच्या वेळेपासून ते अर्धा तास आधी निघून बसने जाऊ लागले. का, ते मी विचारले नाही. आता विचारता येत नाही.

तू तुझ्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेतोस, हे तूच मला मागे सांगितले होतेस. तक्त्यात ती ओळ का नाही?

म्हणून म्हणतो, मंद वेगात पारख. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, दोन-दोन तास, संध्याकाळच्या गर्दीत चालव. हाफ क्लचवर शंभर पावले अशी ने की पाय जमिनीला लागणार नाही. अरुंद रस्त्यावर एका दमात उलटी वळव. चढावर थांबव आणि पुन्हा काढ. बंद गाडी हाताने मागे ढकलून अडचणीच्या जागेतून बाहेर काढ. मान वळवून मागे बघ आणि बघताना खांदा किती आखडतो ते लक्षात ठेव. उतरल्यावर हाताची मूठ पाच वेळा घट्ट मिटून उघड. हे सगळे करूनही आर३च हवी वाटली, तर मी अडवणार नाही, त्या गाडीवर माझा राग नाही.

शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. माझे वजन ऐंशी किलो आहे. दोन्ही गाड्यांवर मागे मी बसेन. तुझी रोजची पिशवी भरून आण आणि तो तक्ता घरी ठेव.

तुझा,
काका