पहिला जॉयस्टिक-थ्रॉटल संच घेताना नेमकं काय बघायचं?

पीसीवर विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर) यांचा पहिलाच संच घेत असाल तर बटणं मोजत बसू नका, आत हालचाल मोजणारा सेन्सर कोणता आहे ते आधी बघा. पोटेन्शिओमीटर या प्रकारच्या सेन्सरमध्ये घासणारा संपर्क असतो. तो झिजला किंवा धूळ बसली की स्टिक सोडलेली असतानाही विमान एका बाजूला कलायला लागतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासणारं काही नसतं. थ्रस्टमास्टर टी.१६०००एम स्टिकच्या दोन मुख्य अक्षांवर (पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे) हॉल सेन्सर आहे, पण तिच्याच पिळायच्या रडरला (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या अक्षाला) पोटेन्शिओमीटर आहे. म्हणून प्रत्येक अक्षाचा सेन्सर वेगळा तपासा.

थ्रॉटल कोणता, हे तुम्ही काय उडवणार त्यावर ठरतं. लढाऊ जेटला आफ्टरबर्नरपाशी (जादा इंधन जाळून जास्तीची ताकद मिळते तिथे) लिव्हर अडवणारा खटका हवा, दोन इंजिनांच्या विमानाला दोन स्वतंत्र लिव्हर. हेलिकॉप्टरला खटका नकोच, कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा लिव्हर) हळूहळू उचलताना तो आडवा येतो.

पायाने रडर चालवायची पेडल लगेच घेणार नसाल तर पिळणारी स्टिकच घ्या. नाहीतर आडव्या वाऱ्यात लँडिंग करताना हाल होतात.

यूएसबी केबल थेट संगणकाला जोडा. वेगळा वीजपुरवठा नसलेल्या हबवर थ्रॉटल मध्येच गायब होऊ शकतो. स्टिक सोडल्यावर सेटिंगमध्ये दिसणारा अक्षाचा आकडा थरथरत असेल तरच २-३ टक्के डेडझोन (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित होते तो पट्टा) द्या. तो जास्त ठेवला तर हवेत इंधन भरताना हाताच्या बारीक हालचाली विमानापर्यंत पोहोचतच नाहीत.